साका पांढरा राहतो तिथे

गोव्याहून वायव्येला दीड-दोन दिवस जहाज चाललं की अरबी समुद्राचा तो पट्टा लागतो. वरून काही कळत नाही. निळं पाणी, उडणारे मासे, लांबवर एखादं तेलवाहू जहाज. मग विंच कुरकुरू लागतो, लोखंडी चौकटीत गोलाकार रचलेल्या बाटल्या केबलवरून खाली जातात आणि तीनशे मीटरवरचं पाणी घेऊन वर येतात. तोटीला रबरी नळी लावून काचेची छोटी बाटली तळापासून भरायची, पाणी काठावरून बराच वेळ वाहू द्यायचं, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. त्यात आधी मँगनीज क्लोराइडचं द्रावण घालायचं, मग आयोडाइड आणि अल्कली. बूच लावून बाटली उलटीपालटी केली की साका धरतो. वरच्या उजेडातल्या पाण्यात हा साका तपकिरी होतो, कारण पाण्यातला प्राणवायू मँगनीजला जाऊन मिळतो. तीनशे मीटरवरच्या त्या पाण्यात तो पांढराच राहतो. प्राणवायूच नाही, तर रंग येणार कुठून?

लायोश विंकलर या हंगेरीच्या रसायनतज्ज्ञानं ही रीत १८८८ साली काढली. आज जहाजावर प्राणवायू मोजणारे इलेक्ट्रॉनिक संवेदक असतात, आकडे थेट पडद्यावर उमटतात, तरी त्या संवेदकांची परीक्षा घ्यायला हीच काचेची बाटली लागते. या पट्ट्यात मात्र तीही कमी पडते. पाणी एका बाटलीतून दुसरीत जाताना हवेचा जो ओझरता स्पर्श होतो, तेवढ्यानंही आकडा फुगतो. अतिसूक्ष्म प्रमाण मोजणारे नवे संवेदक या शतकात आले तेव्हा लक्षात आलं, की ज्याला इतकी वर्षं ‘थोडासा’ प्राणवायू म्हटलं जात होतं, तो पट्ट्याच्या गाभ्यात शून्याला टेकलेला होता.

या पुस्तकातली टिपणं त्या पांढऱ्या साक्याभोवती फिरतात. प्राणवायू कोणी संपवला, तो संपल्यावर तिथे कोण राहतं, कशावर जगतं, आणि हे शोधायला माणसं कुठे कुठे, कशी कशी जातात. समुद्री सूक्ष्मजीवशास्त्र म्हटलं की पांढरा कोट आणि सूक्ष्मदर्शक डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात या शास्त्राचा निम्मा प्रयोग प्रवासातच उरकतो, कारण पाणी वर आलं की त्याचं तापमान, दाब, उजेड सगळं पालटतं आणि त्यातले जीव तासाभरात वेगळं वागू लागतात. किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेपर्यंत जे पोहोचतं ते बऱ्याचदा समुद्राचं पाणी उरलेलंच नसतं. म्हणून प्रयोगशाळाच समुद्रावर न्यावी लागते, आणि एकदा नेऊन भागत नाही.

अरबी समुद्राला उत्तरेकडे वाट नाही, आशियाची जमीन आडवी आहे. नैऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यापासून वरचं पाणी दूर लोटतात, त्याच्या जागी खालचं गार, पोषणद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडा थंड वारा सुटतो, वरचं पाणी निवून जड होतं, खाली उतरतं, आणि पुन्हा खालची पोषणद्रव्यं वर येतात. जमिनीवर खरीप आणि रब्बी असावी तशी या समुद्राला वर्षाकाठी दोन पिकं मिळतात. हे पीक म्हणजे वनस्पतिप्लवक. ते खाल्लं जातं, मरतं, विष्ठेच्या रूपानं खाली झरत राहतं, आणि वाटेतले जिवाणू ते फस्त करतात. फस्त करताना श्वासही घेतात. साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत प्राणवायूचा खडखडाट होतो तो यामुळे. बहुतेक माशांचं इथे काम नाही. काही जिवाणूंचं मात्र अडत नाही. ते नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात, आणि त्या व्यवहारात समुद्राचं खत नायट्रोजन वायू होऊन निसटतं. मधल्या पायरीवर नायट्रस ऑक्साइड तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट उष्णता धरतो. खुल्या समुद्रात असे मोठे पट्टे जगात तीनच आहेत. दोन पॅसिफिकच्या पूर्व कडेला, आणि तिसरा हा, आपल्या दारात.

हा पट्टा काल-परवा सापडलेला नाही. १९३३-३४ साली ‘मबाहिस’ हे इजिप्तचं जहाज जॉन मरे मोहिमेवर अरबी समुद्रात फिरलं. मोहिमेचे प्रमुख सीमोर स्युएल त्याआधी भारताच्या प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक होते. काही विशिष्ट खोलींवर त्यांची जाळी जवळजवळ रिकामी येत, तळाच्या चिखलाला सडक्या अंड्याचा वास येई. रसायनांची बाजू सांभाळणाऱ्या गिल्सन यांना खोल पाण्यात नायट्राइट साठलेलं आढळलं. प्राणवायू संपलेल्या पाण्यात कोणीतरी नायट्रेटवर हात मारतंय, याचा तो पहिला पुरावा. जीव मात्र त्यांनी पाहिले नाहीत, पाहायचं साधनच नव्हतं.

मग १९५९ ते १९६५ ची आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम. अमेरिकेच्या ‘अँटन ब्रून’ या जहाजाचा पूर्वावतार म्हणजे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांची ‘विल्यम्सबर्ग’ ही आलिशान नौका. आपल्याकडून गेली ‘आयएनएस किस्तना’, दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ नौका. ज्याच्याकडे जे होतं ते घेऊन तो समुद्रात उतरला, असाच तो काळ. मोहीम संपता संपता, १ जानेवारी १९६६ ला, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक. पुढे ती गोव्यात दोना पावलाच्या टेकडीवर स्थिरावली. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांच्या मुखांच्या मधोमध असलेली ही जागा संशोधनाला इतकी सोयीची आहे, की ती निवडताना एखाद्या तांडेलाचा सल्ला घेतला असावा असं मला उगाच वाटतं.

या सगळ्यात सूक्ष्मजीव कुठे होते? उशिरानं आले, खरं तर. १८८९ च्या जर्मन प्लवक मोहिमेत बर्नहार्ड फिशर हे जिवाणूशास्त्रज्ञ होते, म्हणजे सुरुवात जुनी आहे. कॅलिफोर्नियाच्या स्क्रिप्स संस्थेतल्या क्लॉड झोबेल यांनी १९४६ साली या विषयाचा पहिला मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्या ‘२२१६’ नावाच्या आगारावर, म्हणजे जिवाणूंसाठीच्या पोषक जेलीवर, आजही जगभर समुद्री जिवाणू वाढवले जातात. पण आगाराच्या ताटलीनंच शास्त्राला बरीच वर्षं चकवलं. ताटलीवर पन्नास-शंभर ठिपके दिसायचे आणि समुद्र म्हणजे जिवाणूंचं वाळवंट असा समज व्हायचा. १९७० च्या दशकात पेशींना चमकता रंग देऊन त्या थेट सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची रीत रुळली आणि हिशेबच उलटला. वरच्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये दहा लाखांच्या आसपास जिवाणू निघाले. विषाणू त्याच्या दहापट. ताटलीवर वाढणारे त्यातले शंभरात एकही नव्हते. सार्‍या समुद्रांत सर्वांत जास्त संख्येनं असलेल्या जिवाणूगटांपैकी एक, ‘सार ११’, १९९० साली फक्त जनुकाच्या तुकड्यावरून ओळखला गेला. त्याला प्रयोगशाळेत वाढवायला २००२ उजाडलं.

‘प्रोक्लोरोकॉकस’चा शोध तर मी मुद्दाम थोडा सविस्तर सांगतो. दवाखान्यांतून रक्तपेशी मोजायला वापरतात तसलं फ्लो सायटोमीटर नावाचं यंत्र सॅली चिझम आणि रॉबर्ट ओल्सन यांनी १९८० च्या दशकाच्या मध्याला जहाजावर चढवलं. नाजूक, लेझरवर चालणारं यंत्र, हलत्या जहाजावर न्यायचं म्हणजे धाडसच. पडद्याच्या एका कोपऱ्यात बारीक ठिपक्यांचा गोंगाट दिसत होता. यंत्राचा दोष म्हणून सोडून देण्यासारखाच. पण जहाज पुढे सरकत होतं, खोली बदलत होती, आणि तो गोंगाट त्याप्रमाणे वागत होता. खोलवर त्याची चमक वाढत होती. १९८८ साली जाहीर झालं, की तो गोंगाट म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारा, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान असलेला जीव आहे. पृथ्वीवर प्रकाश खाऊन जगणारा इतका लहान आणि संख्येनं इतका प्रचंड दुसरा जीव माहीत नाही. तेच यंत्र किनाऱ्यावर ठेवून बाटल्या त्याच्याकडे आणल्या असत्या, तर हा जीव कदाचित आणखी बरीच वर्षं गोंगाट म्हणूनच राहिला असता. पुढे तो अरबी समुद्रातही सापडला, आणि तोही कुठे, तर प्राणवायू संपतो त्याच थराच्या वरच्या कडेला, जिथे उजेडाची शेवटची झिरपण पोहोचते.

जहाजावरचं जगणं वाचकाला या टिपणांतून भेटेलच, पण एक गोष्ट आधी सांगून ठेवावी. बाटल्यांची चौकट डेकवर आली की सगळे धावत सुटत नाहीत, रांग ठरलेली असते. आधी प्राणवायू आणि इतर वायूंचे नमुने, कारण बाटलीचं झाकण सैल झालं की हवा आत शिरते. मग पोषणद्रव्यं, क्षारता, आणि मग जिवाणूवाले, ज्यांना लिटरांनी पाणी हवं असतं. एका बाटलीत साधारण दहा लिटर पाणी, आणि मागणारे आठजण. कोणत्या खोलीचं किती पाणी कोणाला, हा वाद बंदर सोडायच्या आधीच्या बैठकीत मिटवावा लागतो. नाही मिटला तर तो रात्री तीन वाजता डेकवर होतो. वरच्या पाण्याचं तापमान अठ्ठावीस अंश, तीनशे मीटरवरचं बारा-तेरा. दमट हवेत बाटल्यांना घाम फुटतो, नळी धरणारी बोटं गारठतात, पाठीवर मात्र घामाच्या धारा.

मग गाळणं. मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाएवढी छिद्रं असलेल्या पातळ पडद्यातून पाणी ओढायचं. पाणी उपसणारा पंप तासन्‌तास घरघरत राहतो. पडद्यावर जे उरतं ते चिमट्यानं घडी घालून बोटभर नळीत, नळी द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर. प्राणवायू नको असलेले प्रयोग याहून किचकट. बाटल्यांतून हेलियम सोडत राहायचा, खूण केलेला (जड समस्थानिकाचा) नायट्रोजन सुईनं टोचायचा आणि किती वेळात त्याचं काय झालं ते पाहायचं. हे सगळं करताना जमीन स्थिर नसते. ज्याला बोट लागते त्यानं बादली शेजारी ठेवून काम केलेलं असतं, आणि त्याचा उल्लेख शोधनिबंधात कुठेही नसतो. मला विचाराल तर कार्यपद्धतीच्या परिच्छेदात तो असायला हवा.

आपल्या जहाजांचीही एक वंशावळ आहे. ‘गवेषणी’नं २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्राच्या तळातून मँगनीजच्या गाठी वर आणल्या, त्यामुळे तिचं नाव वर्तमानपत्रांत आलं. १९८३ मध्ये जर्मनीहून ‘सागरकन्या’ आली, शंभर मीटर लांबीची. तिच्यामुळे महिना-महिना खोल समुद्रात राहणं जमू लागलं. ‘सागरसंपदा’, ‘सिंधु संकल्प’, ‘सिंधु साधना’ त्यानंतरच्या. गाठींच्या शोधासाठी काढलेल्या तळाच्या चिखलानं सूक्ष्मजीवशास्त्राला वेगळीच देणगी दिली. चंद्रलता आणि शेषगिरी रघुकुमार यांनी सुमारे पाच हजार मीटर खोलीवरच्या गाळातून बुरशी वाढवून दाखवली, प्रचंड दाबातही तग धरणारी. बुरशी म्हटल्यावर शंका येणारच, कारण तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, जहाजाच्या भिंतींवरही. म्हणून गाळाचा नळकांड्यात आलेला ठोकळा कडेनं उचलायचा नाही. मधोमध निर्जंतुक सिरिंज खुपसून, बाहेरच्या हवेला न लागलेला गाळ तेवढा काढायचा. मोठा दावा अशा लहान काळजीवर उभा राहतो.

अरबी समुद्रानं शास्त्रज्ञांना घातलेलं सगळ्यांत गमतीचं कोडं १९९० च्या दशकातलं. भारतीय आणि परदेशी जहाजं वेगवेगळ्या ऋतूंत तेच मार्ग पुन्हा पुन्हा कापत होती. वनस्पतिप्लवकाचं पीक ऋतूप्रमाणे चढतं-उतरतं हे दिसत होतं. मग ते खाणारं प्राणिप्लवकही चढायला-उतरायला हवं. एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांना ते जवळपास वर्षभर सारखंच भरलं. पीक नसतानाच्या महिन्यांत हे खातात काय? उत्तरात जिवाणू आले. पिकाच्या काळात पाण्यात विरघळलेला कार्बन जिवाणू खातात, जिवाणूंना त्याहून मोठे एकपेशीय जीव खातात, आणि त्यांच्यावर प्राणिप्लवक तगून राहतं. लाहोरमध्ये जन्मलेले आणि स्क्रिप्समध्ये काम केलेले फारुक आझम यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८३ साली या आडवाटेच्या अन्नसाखळीला ‘मायक्रोबियल लूप’ हे नाव दिलं होतं. एकाच ऋतूत फेरी मारून परतलेल्याला हे कोडं पडलंच नसतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

नायट्रोजनचंही तसंच. अमोनियम आणि नायट्राइट एकत्र करून नायट्रोजन वायू सोडणारे ‘अॅनामॉक्स’ जिवाणू १९९० च्या दशकात हॉलंडमधल्या सांडपाण्याच्या टाक्यांत सापडले. २००३ मध्ये ते काळ्या समुद्रात असल्याचं सिद्ध झालं आणि मग जो तो समुद्रात तेच शोधू लागला. समुद्रातला नायट्रोजन बहुतेक हेच जिवाणू पळवतात, जुनी नायट्रेट-श्वासाची गोष्ट आता मागे पडली, असा सूर लागला. २००९ साली बेस वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी, ज्यांत गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेचे वाजिह नक्वीही होते, अरबी समुद्रात मोजलं तर तिथे जुनीच वाट वरचढ निघाली. दुसऱ्या चमूंना ओमानच्या बाजूला वेगळं चित्र दिसलं. कोणी चुकलं असं म्हणवत नाही. वरून झरणारं अन्न कधी भरपूर, कधी तुटपुंजं असतं, आणि जिवाणूंचा जमाखर्च त्यावर ठरतो.

मोठ्या मोहिमांबद्दल इतकं लिहून झाल्यावर आता मनापासून आवडणाऱ्या भागाकडे येतो. कांदोळीच्या किनाऱ्यासमोर तीस मीटरांहूनही कमी खोलीची एक जागा आहे. किनाऱ्यावरून दिसणाऱ्या पर्यटकांच्या बोटी सोडल्या तर तिथे पाहण्यासारखं काही नाही. १९९७ पासून दोना पावलाचे संशोधक तिथे पुन्हा पुन्हा जात आले. त्याच जागी, त्याच खोलींवर, तीच मोजमापं. याला मोहीम म्हणत नाहीत, फेरी म्हणतात. सकाळी जायचं, दुपारी परतायचं, आणि रात्री उशिरापर्यंत टायट्रेशन, म्हणजे साक्यातला प्राणवायू थेंबाथेंबानं मोजणं. या फेऱ्यांची छायाचित्रं कोणी छापत नाही.

आणि याच फेऱ्यांनी दाखवलं, की खोल समुद्रातला तो पांढरा साका दरवर्षी आपल्या किनाऱ्याला येऊन टेकतो. पावसाळ्यात खालचं, आधीच प्राणवायू कमी असलेलं पाणी समुद्रबूड जमिनीवर चढतं. वरून कोकणचा पाऊस आणि नद्या गोड्या पाण्याचा काही मीटरचा हलका थर पसरतात. त्या झाकणामुळे हवा खाली पोहोचत नाही. खाली जिवाणू उरलेला प्राणवायू संपवतात, मग नायट्रेट, मग नायट्राइट, आणि सरतेशेवटी सल्फेटवर येतात. तेव्हा बाटली उघडली की सडक्या अंड्याचा भपकारा येतो. पश्चिम किनाऱ्याला लागून सुमारे १ लाख ८० हजार चौरस किलोमीटर उथळ समुद्र दरवर्षी कमी-अधिक प्रमाणात या अवस्थेतून जातो. १९९९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात ती विशेष तीव्र होती. समुद्रातून सुटणाऱ्या नायट्रस ऑक्साइडचे तोवर कुठेही न नोंदवलेले आकडे तेव्हा मिळाले, आणि नक्वी व सहकाऱ्यांचा त्यावरचा निबंध २००० साली ‘नेचर’मध्ये आला. शेतीतल्या खतांचा यात हात आहे का, हा प्रश्न त्यांनीच पुढे ठेवला. त्यावर वाद चालू आहे. त्याचा निकाल लागेल तो फेऱ्यांच्या लांबलचक यादीवरूनच.

गंमत अशी, की जेव्हा जाणं सर्वांत गरजेचं, तेव्हाच जाणं सर्वांत अवघड. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा बार लहान बोटींना बंद होतो, मुरगाव बंदराकडून वळसा घ्यावा लागतो. मासेमारीवर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंदी. नारळी पौर्णिमा झाली की होड्या उतरतात आणि नेमका तेव्हा तळाचा प्राणवायू ओसरू लागलेला असतो. चवथीच्या दिवसांत घरोघर पाहुणे असताना बाटल्यांचे खोके घेऊन जेटीवर निघालेल्या माणसाला घरचे काय म्हणत असतील, याची कल्पना गोव्यात राहिलेल्या कोणालाही करता येईल. तळाचे मासे आणि कोळंबी वर किंवा किनाऱ्याकडे का सरकतात, कोणत्या आठवड्यात जाळं जड होतं आणि कोणत्या आठवड्यात रिकामं येतं, हे रापणकारांना आणि ट्रॉलरवाल्यांना आपल्या परीनं ठाऊक असतं. शास्त्रज्ञांनी त्यांच्याशी बोलण्याची सवय आणखी लावून घ्यायला हवी, असं माझं मत आहे, आणि काही टिपणांतून ती सवय दिसते याचा आनंदही.

‘नॉक्टिल्युका’ची कहाणी मासेमार आणि शास्त्रज्ञ दोघांच्याही डोळ्यांदेखत घडली. हा टाचणीच्या टोकाएवढा एकपेशीय जीव. रात्री डिवचला की निळा चमकतो. जुहूपासून रत्नागिरीपर्यंत लाटा निळ्या झाल्याचे व्हिडिओ फिरतात ते बहुधा याचेच. त्याचा एक हिरवा प्रकार आहे, ज्याच्या पोटात दुसरे सूक्ष्म हिरवे जीव राहतात आणि उजेडावर अन्न बनवतात. म्हणजे तो शिकारीही आणि शेतकरीही. २००० नंतर उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात त्याचे प्रचंड बहर येऊ लागले, ओमानच्या किनाऱ्यापर्यंत समुद्र पालकाच्या रंगाचा होऊ लागला. मूळच्या गोव्याच्या हेल्गा गोम्स आणि जोकिम गोईश यांनी न्यूयॉर्कच्या लॅमॉन्ट-डोहर्टी वेधशाळेतून, भारतीय सहकाऱ्यांसह, २०१४ साली मांडलं, की कमी प्राणवायूचं पाणी वर सरकल्यामुळे या जीवाचं फावलं. नंतर भारतीय नौकांवरच्या मोजमापांत असे बहर भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातही आढळले. दोन्ही बाजूंकडे जहाजावरचे आकडे आहेत. उपग्रहाच्या चित्रावर भांडणं सोपं, बाटलीतल्या आकड्यांवर भांडणं अवघड, आणि म्हणूनच हा वाद वाचण्यासारखा आहे.

दूरचा एकच प्रवास सांगतो. जानेवारी २००९ मध्ये केपटाउनहून ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन जहाज भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांना घेऊन दक्षिण महासागरात निघालं. नेतृत्व नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक यांचं. सुमारे तीनशे चौरस किलोमीटर पाण्यात लोहाचं द्रावण सोडायचं, शैवाल वाढू द्यायचं, आणि ते बुडताना हवेतला कार्बन किती घेऊन जातं हे पाहायचं. पर्यावरणवाद्यांचा विरोध झाला, जर्मन सरकारनं काम काही काळ थांबवलं, मग परवानगी मिळाली. शैवाल वाढलं. पण त्या पाण्यात सिलिका कमी असल्यानं काचेच्या कवचाचे, जड, बुडणारे प्रकार वाढले नाहीत. जे वाढलं ते कोपेपॉड नावाच्या प्राणिप्लवकानं खाल्लं, कोपेपॉडांना अँफिपॉड या त्याहून मोठ्या प्राणिप्लवकानं. कार्बन फारसा खाली गेला नाही. जिवाणूंच्या वस्तीत तर काही लक्षणीय बदलच दिसला नाही. मार्चमध्ये जहाज चिलीच्या पुंता अरेनासला लागलं. लोह टाकून हवामान सुधारू म्हणणाऱ्यांना हे उत्तर आवडलं नाही. एवढा खटाटोप करून ‘काही झालं नाही’ असं नीट मोजून सांगणं हे मात्र शास्त्राच्या दृष्टीनं घसघशीत फळ आहे.

आता तर जीव वाढवायची, मोजायचीही वाट पाहिली जात नाही, थेट डीएनए वाचला जातो. क्रेग व्हेंटर यांच्या चमूनं सरगॅसो समुद्राच्या पाण्यातून २००४ साली बारा लाखांहून अधिक नवी जनुकं जाहीर केली. ‘तारा’ या फ्रेंच शिडाच्या नौकेनं २००९ ते २०१३ दरम्यान जगभरचे नमुने गोळा केले आणि जनुकांची संख्या चार कोटींवर गेली. मार्च २०२१ मध्ये, कोविडच्या सावटातच, ‘सिंधु साधना’ विशाखापट्टणमहून सुमारे नव्वद दिवसांच्या फेरीवर निघाली. हिंदी महासागरातल्या सूक्ष्मजीवांची जनुकं, प्रथिनं आणि त्यांना लागणारे सूक्ष्म धातू एकत्र मोजायचे म्हणून. या संपत्तीचं मला कौतुक आहे, थोडी धास्तीही आहे. जनुक सापडणं म्हणजे जीव त्या घटकेला ते वापरत होता असं नव्हे. रायबंदरच्या मिठागरांत मार्च-एप्रिलमध्ये गुलाबी होणाऱ्या पाण्यात कोण राहतं याची यादी आता दोन दिवसांत मिळते. पहिल्या पावसानं मीठ विरघळलं की ते कुठे जातात, हे विचारायला मात्र चिखलात पाय घालून उभं राहावं लागतं.

वाचकाला दोन व्यवहारी सूचना. शेजारी अरबी समुद्राचा नकाशा ठेवा, शाळेतल्या अॅटलासमधला चालेल. मात्र त्यात खोलीच्या रंगछटा असाव्यात, कारण इथे बहुतेक गोष्टी आडव्या अंतरापेक्षा उभ्या अंतरात घडतात. आणि रसायनांची नावं पाहून दबकू नका. प्राणवायू, नायट्रेट, नायट्राइट, सल्फेट ही चार नावं आणि त्यांचा क्रम ध्यानात राहिला की बाकीचं आपोआप उलगडतं. ज्यांना खोल समुद्रातल्या लांब मोहिमांचा कंटाळा येईल त्यांनी खुशाल कांदोळीच्या फेऱ्यांपासून सुरुवात करावी. त्यातही सप्टेंबरच्या नोंदी आधी वाचाव्यात आणि मग त्याच जागेच्या जानेवारीतल्या. हे शास्त्र करणाऱ्यांना दर महिन्याला पुन्हा बोटीवर का चढावंसं वाटतं, ते या दोन पानांत मला सगळ्यांत स्पष्ट दिसलं.